गावात क्रीडा-करमणूक केंद्र होतंय (निफाड परिसर): काय मागावं, काय टाळावं?

शुभांगी_नि

नमस्कार मंडळी. निफाडच्या बाजूचं आमचं गाव, वस्ती वीस-बावीस हजारांची. नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर लगेच कोण कुठल्या पार्टीचं ते सुरू होतं. बाजारतळाच्या मागे नगरपंचायतीची दीड एकर मोकळी जागा पडून आहे. तिथे ‘बहुउद्देशीय क्रीडा व सांस्कृतिक केंद्र’ उभारायचं घाटतंय. गावकऱ्यांच्या सूचना मागवल्यात आणि आमच्या बचत गटातर्फे मी बैठकीला जाते.

पहिल्या बैठकीत तरुण मंडळानं जिम मागितली, दोघा सदस्यांनी ‘नाशिकसारखा’ स्विमिंग पूल, ज्येष्ठ नागरिकांनी विरंगुळा केंद्र आणि उरलेल्या सगळ्यांनी लग्नासाठी स्वस्तातला हॉल. बायकांचं काय, असं मी विचारलं तर ‘तुमच्यासाठी झुंबा ठेवू की’ असं उत्तर मिळालं. सगळे हसले. मीही हसले, पण लिहून ठेवलंय.

पुढची बैठक पंधरवड्यावर आहे. आधी काय मागावं? कोणत्या गोष्टीला ठाम नाही म्हणावं? तुमच्या गावात असं काही झालं असेल आणि ते अजून चालू असेल, तर ते कशामुळे चालू राहिलं ते सांगा. उद्घाटनाचे फोटो नकोत, ते आमच्याकडेही भरपूर आहेत.

गोदाकाठी

पूल आजच यादीतून काढा. २५ बाय १२.५ मीटरचा साधा तलाव, सरासरी खोली १.३५ मीटर धरली तरी सव्वाचार लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीसहून जास्त टँकर, फक्त एकदा भरायला. वर फिल्टरचा पंप, क्लोरीन, पाण्याची तपासणी, दोन पाळ्यांत जीवरक्षक. मार्चनंतर तुमच्या नळाला किती दिवसांआड पाणी येतं? आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठवर उतरतो ते सगळा महाराष्ट्र पेपरात वाचतो, त्या थंडीत कोण उतरणार? नाशकात त्र्यंबक रोडला सावरकर तलाव आहे, पण त्याच्या मागे महापालिका उभी आहे.

कांदा_एक्सप्रेस

पाण्याचा हिशोब पटला, तरी थोडं थांबा. दर उन्हाळ्यात शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून येतात. तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, आणि कडेचा उतार असा की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आधी बाप-काका कमरेला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, पोर आठवड्यात शिकायचं. आता विहिरी आटल्या आणि काका नाशकात राहायला गेले.

मोठा पूल नको, शिकण्यापुरता हौद करा. १२ बाय ६ मीटर, पाणी ९० सेंमी, म्हणजे ६५ हजार लिटर. मार्च ते जून शिबिरं घ्यायची, बाकी आठ महिने कोरडा ठेवून वर जाळी टाकायची. माणूस मात्र प्रशिक्षित हवा, आणि तो नसेल त्या दिवशी कुलूप. यात तडजोड नको.

नाना_सिव्हिल

धागा आवडला. माझी नोकरी बांधकामात गेली, म्हणून थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे जागा. उतारा बघा आणि विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण आहे ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या. मैदानाचं आरक्षण असेल तर त्यावर किती बांधकाम करता येतं याला मर्यादा असते. पाया खणल्यावर कोणीतरी हरकत घेतो आणि वर आलेल्या गजांना गंज चढतो. असे गज तुम्ही पाहिले असतील.

दुसरं माती. निफाडची काळी कसदार जमीन द्राक्षाला सोनं, इमारतीला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची माती काढून मुरूम नीट थर देऊन दाबला नाही, तर दोन वर्षांत फरशी लाटा मारते. प्राकलनात (म्हणजे खर्चाच्या अंदाजात) माती परीक्षण आणि मुरूम भराव ही कलमं वेगळी दिसली पाहिजेत. दर कमी पाडायला ठेकेदाराची कात्री आधी इथेच लागते.

तिसरं हॉलची उंची. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर. दोन कोर्टं आणि भोवती फिरायला जागा धरली तर साधारण १८ बाय १९ मीटरचा हॉल लागतो. उंची मात्र कोणी बघत नाही. स्पर्धेचा खेळ व्हायचा तर कोर्टावर ९ मीटर मोकळं हवं. सभागृह म्हणून पाच मीटरवर स्लॅब टाकला की तिथे बॅडमिंटन कधीच होत नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. पत्रा टाकायचा तर खाली उष्णतारोधक थर घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये आत भट्टी आणि जुलैत शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही. कोर्टाच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना खिडक्या ठेवू नका, उजेडात शटल दिसत नाही.

बाहेरची मैदानं उत्तर-दक्षिण आखा, म्हणजे संध्याकाळी कोणाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. कबड्डी १३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८. खो-खो २७ बाय १६. व्हॉलीबॉल १८ बाय ९. हे सगळं दीड एकरात आरामात बसतं, फक्त इमारत मधोमध बांधू नका. आपल्याकडे इमारत मधोमध बांधायची भारी हौस, दर्शनी भाग छान दिसतो म्हणून. एका कोपऱ्यात सरकवा.

भरती_२०

नाना, इमारतीच्या आधी धावपट्टी आखा ना. आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं पहाटे महामार्गाच्या कडेनं पळतात, बाजूनं कांद्याचे ट्रक. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. २०० मीटरची फेरी मोजून आखली तर आठ फेऱ्या नि चार फेऱ्या, डोक्याला ताप नाही. मुरूम दाबलेला, वर बारीक माती. सिंथेटिक नको. गोळाफेकीला एक कोपरा. एवढं झालं तरी गावातली निम्मी पोरं पहाटे पाचला तिथेच दिसतील.

नाना_सिव्हिल

२०० मीटरची फेरी बसते, आणि तिच्या आत कबड्डी-खोखोही बसतं. फेरीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा चर काढा, नाहीतर पावसाळ्यात तिथे भातलावणी करावी लागेल.

माहेरवाशीण

शुभांगीताई, झुंबाचं वाचून हसू आलं आणि राग पण. माझं माहेर तुमच्याच पट्ट्यातलं.

बायका येतील की नाही हे यंत्रं कोणती त्यावर ठरत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात असंच केंद्र आहे. महिलांचं स्वच्छतागृह हॉलच्या मागे, तिथपर्यंत जाताना कॅरमचा अड्डा पार करावा लागतो. दाराला आतून कडी नाही, कडीच्या जागी सुतळीचा फास, तो एका हातानं धरून ठेवायचा. बाहेरचा दिवा गेलेला. हळदीकुंकवाला बायका जातात, एरवी नाही. आणि मग तिथले पदाधिकारी म्हणतात, सोय केली पण महिला येतच नाहीत.

तेव्हा मागायचं असेल तर हे मागा: स्वच्छतागृह दर्शनी बाजूला, दार मुख्य वाटेवरून दिसेल असं, पाणी, कडी, दिवा. गेटपासून रस्त्यापर्यंत उजेड. बसायचे बाक चालण्याच्या पट्टीला पाठ करून, म्हणजे टवाळखोर मंडळी रांगेनं बसून परीक्षण करत नाहीत. आणि वेळ! छाटणीच्या नाहीतर काढणीच्या दिवसांत बाई सकाळी सातला बागेत असते, संध्याकाळी घरी येऊन चूल. ‘महिलांसाठी सायंकाळी ५ ते ६’ ही पाटी लावणाऱ्यानं कधी स्वयंपाक केलेला नसतो. रात्री साडेआठ ते दहा ठेवा. जेवणं आटोपून मैत्रिणी-मैत्रिणी येतात.

अजून एक. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या हंगामात येतात, त्यांची लेकरं दिवसभर बांधावर असतात. ओळखपत्र, आधार, रहिवासी दाखला असली भानगड मैदानाला लावू नका. मैदान मोकळं, हॉलला नोंदणी.

द्राक्षबागाईतदार

सगळं मान्य, पण पैसे? केंद्र बांधून झालं की वीजबिल, रखवालदार, झाडलोट कोण देणार? लग्नाला हॉल दिला तर एका सीझनमध्ये वर्षाचा खर्च निघतो. गरिबाच्या लेकीचं लग्न चार पैशांत होतं. त्यात वाईट काय? लॉन्सवाल्यांचे दर ऐकलेत का?

गोदाकाठी

वाईट एवढंच की लग्नसराई आणि उन्हाळी सुट्टी एकाच वेळी येतात. ज्या महिन्यांत पोरांना हॉल हवा, नेमके तेच महिने तो लग्नाला जातो. मंडपाचे खांब ओढून कोर्टाच्या रेषा जातात, फरशीवर तेलाचे डाग, त्यावर पोरगं घसरलं की खेळ बंद. तीन वर्षांनी ते मंगल कार्यालयच उरतं, फक्त पाटीवर क्रीडा लिहिलेलं.

द्राक्षबागाईतदार

मग लग्न बाहेर मोकळ्यात, हॉलला हात नाही. एका बाजूला पेव्हर ब्लॉकचं अंगण आणि उघडी शेड करा. स्वयंपाक तिकडेच. भाडं घ्या, अनामत घ्या. वर्षातून किती दिवस द्यायचं ते आधीच ठरावात लिहा. हे तरी चालेल का?

शुभांगी_नि

हे चालेल असं वाटतंय. ‘किती दिवस’ हा आकडा ठरावात आणणं हेच खरं काम. उघड्या शेडला तरुण मंडळाचाही विरोध नसेल, त्यांना गणपतीत ढोलपथकाच्या सरावाला जागा हवीच आहे. (बारावीच्या पोरांच्या आया त्यावर काय म्हणतील तो वेगळा धागा.)

निधीचं कोणी सांगेल का? बैठकीत नुसतं ‘साहेब बघतील’ चाललंय.

निवृत्त_लिपिक

साहेब बघतील ते उद्घाटनापुरतं. नाशिकला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा दोन अनुदान योजना आहेत. अर्जाला जागेचे कागद, नकाशा, प्राकलन लागतं. तालुका क्रीडा संकुलाची योजना वेगळी, तुमच्या तालुक्याचं संकुल कुठे आहे ते आधी विचारा, नाहीतर ‘एक आहे ना’ म्हणून परत पाठवतील. आमदार-खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती हे रस्ते आहेतच. खासदारांना वर्षाला ५ कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघाचा.

मात्र हे सगळे पैसे विटा-सिमेंटचे. रोजच्या खर्चाला यातलं काही मिळत नाही. म्हणून मुख्याधिकाऱ्यांना बैठकीत एकच विचारा: वार्षिक अंदाजपत्रकात या केंद्राच्या देखभालीचं शीर्ष (खर्चाचं वेगळं खातं) उघडणार का, आणि त्यात किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नगरपंचायतीला महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावे लागतात, मार्चअखेर ते कुठे खर्च करायचे म्हणून धावपळ असते. रॅम्प, दिव्यांगांचं स्वच्छतागृह, महिलांच्या भागातले दिवे यासाठी आत्ताच मागणी नोंदवा. रॅम्प १:१२ उताराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब. तीन फुटांत उरकलेले रॅम्प मी पाहिलेत, त्यावरून खुर्ची काय, सायकलही चढत नाही.

वीजमीटर कोणत्या वर्गवारीत बसतो तेही महावितरणला आधीच विचारा. वाणिज्य दर लागला तर रात्रीचे दिवे पहिल्या बिलालाच बंद होतात.

पुस्तकी_किडा

अभ्यासिका विसरू नका! नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, त्याच्याच आवारात साईखेडकर नाट्यगृह. वाचन आणि नाटक एका छपराखाली, आणि शहर अजून तिथे जातं. तुमच्याकडे चाळीस खुर्च्यांची शांत खोली, वीज, वायफाय, पिण्याचं पाणी. स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याला फी देतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्या वावरामुळे बाकी केंद्रालाही जाग राहते. फक्त ढोलपथकापासून लांबच्या टोकाला.

लालमाती

मल्लखांब कोणीच कसा लिहीत नाही? ज्या खेळाची आख्यायिका आपल्या सप्तशृंगी गडाशी जोडलेली, तो आपल्याच जिल्ह्यात जिमच्या मागे गेला. एक पुरलेला खांब, दोन दोर, खाली गाद्या. ट्रेडमिलच्या तुलनेत खर्च काहीच नाही आणि मुली दोरीवर काय सुंदर करतात. पण शिकवणारा हवा, नुसता खांब रोवला तर त्याला म्हशी बांधतील.

शुभांगी_नि

म्हशीचं खरंय. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारते, त्यांना मल्लखांब येतो असं ऐकलंय.

सगळ्यांना धन्यवाद. बैठकीत मी मांडणार ते असं: आधी धावपट्टी, दिवे आणि दर्शनी स्वच्छतागृह, मग हॉल. पूल नको, शिकायचा हौद दुसऱ्या टप्प्यात आणि प्रशिक्षक मिळाला तरच. लग्न फक्त शेडमध्ये. अभ्यासिका पहिल्या टप्प्यात, तिच्या फीमधून रखवालदाराचा थोडा तरी पगार निघेल. हॉलची किल्ली कोणाकडे, यावर मात्र भांडण होणार. तरुण मंडळ म्हणतं आमच्याकडे द्या.

माहेरवाशीण

दोन किल्ल्या. एक नगरपंचायतीच्या पगारी माणसाकडे, दुसरी तुमच्या बचत गटाकडे. मंडळाला वेळ द्या, किल्ली नको. आणि हे बैठकीत तुम्ही मांडू नका, ज्येष्ठ नागरिक संघातल्या कोणाकडून मांडून घ्या, लगेच मंजूर होईल.

नाना_सिव्हिल

हॉलमध्ये छताचे पंखे प्राकलनात असतील तर तपासा. चालू पंख्याखाली शटल भरकटतं आणि बंद पंख्यावर जाऊन बसतं. वर भिंतीत हवा बाहेर टाकणारे पंखे आणि खाली जाळीचे झरोके घ्या. प्राकलनाची प्रत मिळाली की इथे टाका, दर बघून सांगतो.

शुभांगी_नि

पंखे आहेत, चोवीस. प्रत स्कॅन करून टाकते.