उरल्यासुरल्या लोकरीचा ग्रॅनी स्क्वेअर स्कार्फ : तुमचे अनुभव सांगा

विणणाऱ्या प्रत्येकाकडे एक पिशवी असतेच. स्वेटर झाला, टोपी झाली, बाळाचे मोजे झाले आणि प्रत्येकातून उरलेला मुठीत मावेल एवढा गुंडा त्या पिशवीत जाऊन बसला. टाकवत नाही, आणि एकट्या गुंड्यातून काही होतही नाही. अशा लोकरीसाठी ग्रॅनी स्क्वेअरइतकी, म्हणजे क्रोशाच्या सुईने मध्यापासून बाहेर फेरीफेरीने विणलेल्या चौकोनाइतकी, सोयीची वीण मला दुसरी माहीत नाही. वीण जुनी आहे. १८८५ साली 'प्रेरी फार्मर' या अमेरिकेतल्या शेतीविषयक नियतकालिकात आलेला नमुना हा तिच्या सगळ्यात जुन्या छापील नमुन्यांपैकी एक मानला जातो.

नुकताच माझा स्कार्फ पुरा झाला, म्हणून हा चर्चेचा धागा काढते आहे. सुरुवात मीच करते.

मी आधी रंग बघितले नाहीत, आधी हिशेब केला. ग्रॅनी स्क्वेअरच्या पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे (खांब म्हणजे सुईवर वेढा घेऊन घातलेला उंच टाका) चार गट असतात, म्हणजे १२ खांब. दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. चार फेऱ्यांच्या चौकोनात एकूण १२० खांब झाले आणि त्यातले ४८ एकट्या शेवटच्या फेरीत. म्हणजे जवळजवळ ४० टक्के लोकर शेवटची फेरीच खाते. हे एकदा कळलं की पिशवीतला कुठला गुंडा कुठे जाणार हे आपोआप ठरतं. अगदी चिमूटभर उरलेले रंग मध्यभागी, जरा बरे गुंडे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला, आणि बाहेरच्या फेरीला ज्याची अख्खी लडी शिल्लक आहे तो रंग. नमुन्याचा एक चौकोन विणून तो फेरीफेरीने उसवायचा आणि प्रत्येक फेरीला किती लोकर गेली ते टेपने मोजून कागदावर लिहून ठेवायचं. मग कुठलाही गुंडा हातात घेतला की त्यातून किती चौकोनांचे मध्य निघतील ते सांगता येतं, आणि खांब अर्धवट असताना लोकर संपायची भीती राहत नाही.

रंग कसे लावलेत, टोकांचं काय केलंत, चौकोन कसे जोडलेत, आणि ती लोकर कशातून उरली होती, सगळं लिहा. शेवटचं तर नक्की लिहा.

*

टोकांबद्दल मी लिहिते, कारण बहुतेकांचा स्कार्फ तिथेच अडतो.

चार रंगांच्या एका चौकोनाला आठ टोकं. ३२ चौकोनांचा स्कार्फ धरला तर २५६. ही सगळी शेवटी लपवायला ठेवली तर माणूस हात लावत नाही, स्कार्फ कपाटात पडून राहतो. माझा नियम कडक आहे : एका चौकोनाची टोकं पुरी लपल्याशिवाय दुसऱ्या चौकोनाची साखळी घालायची नाही.

टोक १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवा. नवा रंग जोडताना जुन्या आणि नव्या रंगाची टोकं कोपऱ्याच्या पोकळीवर आडवी धरायची आणि खांब त्यांच्यावरूनच विणायचे. ग्रॅनीत खांब टाक्यात न घालता दोन गटांमधल्या पोकळीत घालतो, त्यामुळे टोक गटाच्या पोटात छान झाकलं जातं. पण तेवढ्यावर सोडू नका. बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ते ओवून खांबांच्या मुळातून एकदा पुढे न्या, शेवटचा पेड सोडून त्याच वाटेने मागे आणा आणि मग एकदा आडवं घाला. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, दोनच दिशांनी घातलं तर धुतल्यावर हमखास बाहेर डोकावतं. तीन दिशा हव्यातच. खरी लोकर खरबरीत असल्यामुळे एकमेकींना धरून राहते, तिथे दोन पुरतात.

स्कार्फला गाठी मारू नयेत असं माझं ठाम मत आहे. चादरीत गाठ खपून जाते, पण गळ्याशी ती टोचते.

*

मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून तसंच आहे. क्रोशा शिकायची फार इच्छा होती, पण रंगीबेरंगी काम आपलं नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. बहिणीने तिच्या उरलेल्या लोकरीची पिशवी माझ्यासमोर ओतली आणि प्रत्येक गुंड्याला रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून दिली. चिठ्ठ्या होत्या, पण जोड्या कशा लावायच्या?

उपाय फोनमध्ये सापडला. सगळे गुंडे ओळीने मांडले आणि कृष्णधवल फोटो काढला. रंग निघून गेला, उरला तो फक्त फिकेपणा आणि गडदपणा. त्या फोटोवरून मी तीन ढीग केले : फिके, मधले, गडद. मग प्रत्येक चौकोन आतून बाहेर फिका, मधला, गडद असा, आणि त्याच्या शेजारचा बरोबर उलटा. लाल-हिरवं कुठे पडलं याची मला काळजी उरली नाही.

स्कार्फ बघून बहीण म्हणाली, तिला एवढे रंग दिसत असूनही तिच्या चौकोनांत ते एकमेकांत मिसळून जातात, माझ्यात प्रत्येक फेरी उठून दिसते. तीही आता आधी कृष्णधवल फोटो काढते. ज्यांना सगळे रंग दिसतात त्यांनीही हे करून बघा. गडद निळा आणि गडद जांभळा गुंड्यात किती वेगळे वाटतात, पण चौकोनात शेजारी आले की एकच होऊन जातात.

*

छोटंसंच लिहितो. पिशवीत सगळी जाडी एकसारखी नसते. माझ्याकडे ४ प्लाय (बारीक) आणि डीके (डबल निटिंग, तिच्याहून जाड) दोन्ही होत्या. ४ प्लायचे दोन पदर एकत्र धरले की साधारण डीकेएवढी जाडी होते. दोन पदर दोन वेगळ्या रंगांचे घेतले तर ठिपक्याठिपक्यांची सुंदर लोकर तयार होते आणि दोन अगदीच छोटे गुंडे एकाच वेळी कामी येतात. सुई ४ मिलिमीटरऐवजी ४.५ घेतली. स्कार्फ गळ्याभोवती पडायला हवा, घट्ट विणला तर उभा राहतो.

*

माझी लोकर आईची. ती गेल्यावर तिची ट्रंक आम्ही बहिणींनी बरेच दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा वरच लोकरीची पिशवी होती. आईला गुंडा गुंडाळायला आत घडी केलेला कागद लागायचा. एक राखाडी गुंडा उलगडत गेले तसा आतून पिवळा पडलेला पाकिटाचा तुकडा निघाला आणि त्यावर तिच्या अक्षरात पेन्सिलीने माझी मापं : छाती, बाही, गळा, आणि बाहीपुढे 'दोन बोटं जास्त'. मी भराभर वाढायचे म्हणून ती दोन बोटं जास्त धरायची.

कुठल्याच गुंड्याला लेबल नव्हतं. खरी लोकर कुठली आणि अ‍ॅक्रिलिक कुठलं हे न बघता एकत्र विणणं धोक्याचं, कारण खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि अ‍ॅक्रिलिक आटत नाही. मग चौकोन वेडेवाकडे होतात. म्हणून प्रत्येकाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहिला. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. एका संध्याकाळी दोन ढीग झाले. खऱ्या लोकरीचा स्कार्फ मी विणला, अ‍ॅक्रिलिकचा धाकटीने. बाहेरची फेरी मी त्या राखाडी लोकरीची केली. ती पुरली नसती तर दुसरा रंग लावायची तयारी होती, पण पुरली.

पाकिटाचा तुकडा माझ्या सुयांच्या डब्यात आहे. स्कार्फ कोमट पाण्यात न चोळता हातानेच धुते.

*

वर चादरीचा उल्लेख आला त्यावरून जोडणीबद्दल सांगते. चादरीची उलटी बाजू कुणी बघत नाही, पण स्कार्फच्या दोन्ही बाजू दिसतात. त्यामुळे मुक्या खांबांनी, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या आखूड टाक्यांनी, जोडलेले चौकोन मला स्कार्फमध्ये आवडत नाहीत. एका बाजूला कड उभी राहते. शेवटची फेरी विणतानाच जोडत जाणं सगळ्यात सपाट बसतं. सगळे चौकोन तीन फेऱ्यांपर्यंत विणून, टोकं लपवून तयार ठेवायचे. मग पहिल्याची चौथी फेरी पूर्ण करायची. दुसऱ्याची चौथी फेरी विणताना जोडायच्या कडेवर आलं की गटातले तीन खांब घालायचे, सुई पहिल्या चौकोनाच्या समोरच्या पोकळीत घालून स्लिप स्टिच (उंची न घेता नुसता अडकवणारा टाका), की पुढचा गट. कोपऱ्यात दोन साखळ्यांच्या मधे एक स्लिप स्टिच. चार कोपरे जिथे भेटतात तिथे चौघांनाही एकाच साखळीत अडकवलं की भोक पडत नाही.

आणखी एक. प्रत्येक फेरी त्याच बाजूने विणत गेलं की चौकोन हळूहळू एका अंगाला फिरतो. फेरी संपली की काम उलटं करून पुढची फेरी विणली तर तो सरळ राहतो. मला तर स्कार्फसाठी हे फारच आवडतं, कारण एक फेरी सुलट, एक उलट आल्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात.

*

बाहेरची फेरी एकाच रंगाची हवी, हे मला पटत नाही. त्याने रंग शिस्तीत येतात हे खरं, पण उरलेल्या लोकरीचा स्कार्फ मला उरलेल्या लोकरीचाच दिसायला हवा असतो. माझ्या स्कार्फमध्ये प्रत्येक चौकोनाची कड वेगळी आहे. दोन शेजारच्या कडा एका रंगाच्या नकोत, एवढंच पाळलं. माझी नात त्यावर बोट ठेवून विचारते, हा कशातला? आणि मी सांगते : हा तुझ्या बाबाच्या शाळेच्या स्वेटरचा, हा तुझ्या पहिल्या टोपड्याचा.

*

मी डावखुरी आहे. मावशी उजव्या हाताने विणते. तिने मला शेजारी न बसवता समोर बसवलं आणि आरशात बघितल्यासारखं सगळं जमून गेलं. माझी फेरी तिच्या उलट दिशेने जाते, चौकोन मात्र तसाच होतो. शिकणाऱ्याला ग्रॅनी स्क्वेअरचा मोठा फायदा म्हणजे टाके मोजत बसावं लागत नाही. पोकळी दिसली की तीन खांब, कोपरा दिसला की तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. पहिलाच स्कार्फ आहे माझा आणि अजून अर्धाच झालाय, पण रोज रात्री एक चौकोन विणल्याशिवाय झोपवत नाही.

*

उसवलेल्या स्वेटरची लोकर वापरणार असाल तर ती तशीच विणू नका, नागमोडी राहते आणि खांब उंचसखल येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि निथळून टांगा. पूर्ण वाळल्यावरच गुंडा करा. लाल, गडद निळा, काळा यांचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून ठेवा. डाग पडला तर तो रंग पांढऱ्याशेजारी लावू नका. आणि अ‍ॅक्रिलिकच्या चौकोनावर गरम इस्त्री टेकवू नका. ते लुळं पडतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

*

स्कार्फची मापं अजून कुणी लिहिली नाहीत. म्हणून माझी देते. डीके लोकर, ४ मिलिमीटरची सुई, चार फेऱ्यांचा चौकोन साधारण १० सेंटिमीटरचा. रुंदीत दोन, लांबीत १६, म्हणजे २० बाय १६० सेंटिमीटर. लोकर सगळी मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, तीत बाहेरच्या फेरीचा रंग ८० ग्रॅम धरा. सभोवती मुक्या खांबांची एक फेरी घालायची असेल तर १५-२० ग्रॅम आधीच बाजूला काढून ठेवा.