डीएमएलटीनंतर (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कोणतं सर्टिफिकेट आधी?

प्रश्न (आरमोरी, जि. गडचिरोली): फ्लेबॉटमी (शिरेतून रक्त काढणं), रक्तपेढी आणि आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबच्या गुणवत्तेचं मानक) चं इंटर्नल ऑडिटर, तिन्ही करायचंय. क्रम कसा लावावा?

उत्तर १: भाऊ, पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी आधी उरका. दहावीची मार्कशीट, डिप्लोमा आणि आधारवर नाव अक्षरशः सारखं हवं. रक्तपेढीसाठी नुसता कोर्स पुरत नाही. नियमानुसार डिप्लोमावाल्याला रक्त तपासणीचा १ वर्षाचा अनुभव लागतो, पदवीवाल्याला ६ महिन्यांचा. अनुभवपत्रात ‘लॅबमध्ये काम केले’ एवढंच नको. रक्तगट, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ही तपासणी), तारखा असं स्पष्ट लिहून घ्या.

उत्तर २: फ्लेबॉटमी लगेच करा, हात तिथेच बसतो. निळी सायट्रेट नळी आधी, जांभळी ईडीटीए नंतर (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). उलट झालं आणि ईडीटीए पुढच्या नळीत गेलं, की पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम घटतं. ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. नळी अर्धवट भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबलेला येतो.

उत्तर ३: ऑडिटर शेवटी. आयएसओ १५१८९ च्या २०१२ आवृत्तीच्या जुन्या नोट्स घेऊ नका, २०२२ च्या आवृत्तीत कलमांची मांडणीच बदलली आहे.