मदत हवी आहे: परत पाठवलेल्या वस्तूचा पोस्टखर्च दुकान देत नाही

वेशीवरचा_वड
ऑनलाइन मागवलेली इंडक्शन शेगडी, किंमत २,३४९ रुपये. खोक्यातून काढली तेव्हाच वरची काच तडकलेली. रिटर्न टाकल्यावर 'आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही' असं आलं. चॅटवर उत्तर मिळालं की स्वतः पोस्टाने पाठवा, पावती अपलोड करा, खर्च परत मिळेल. लांज्याहून भिवंडीच्या गोदामात स्पीड पोस्टाने पाठवली, २८६ रुपये लागले.

शेगडीचे पैसे कार्डावर जमा झालेत. पोस्टखर्चाबाबत आतापर्यंत तीन उत्तरं आली: आधी पावती वाचता येत नाही, मग पावतीवरचं वजन (३,३३० ग्रॅम) वस्तूपेक्षा जास्त आहे, आणि आता कमाल १०० रुपये मिळतील, तेही ॲपच्या वॉलेटमध्ये. मर्यादेचा उल्लेख चॅटमध्ये नव्हता. उरलेले मागता येतात का? तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने करायची?

टपालपेटी
वजनाचा आक्षेप एका ओळीत निकालात निघतो. पार्सल हलकं पण खोकं मोठं असेल तर आकारमानाचं वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातलं जे जास्त असेल त्यावर आकार लागतो. खोकं मोजलंय का? अंदाजे ४२ × ३३ × १२ असेल तर १६,६३२ भागिले ५,००० म्हणजे ३.३३ किलो. तुमच्या पावतीशी जुळतंय. खोकं त्यांचंच होतं, हेही लिहा.

आता पावती. पोस्टाची पावती थर्मल कागदावर असते. तिला लॅमिनेशन करू नका, उष्णतेने सगळी काळी पडते. अक्षरांवर चिकटपट्टीही नको, त्याखालची शाई उडते. सपाट टेबलावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. चार गोष्टी वाचता आल्याच पाहिजेत: १३ चिन्हांचा क्रमांक (दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं), तारीख, ज्या पिनकोडला गेलं तो, आणि जीएसटीसकट एकूण रक्कम. पावतीच्या कडा फोटोत दिसू द्या. कापलेला फोटो 'अपूर्ण' म्हणून परत येतो. मागणी एकूण रकमेची करायची, जीएसटी वगळून नाही.

ट्रॅकिंगच्या पानावर 'डिलिव्हर्ड' दिसतंय तोवर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या.

कलम_आणि_दौत
कायद्याचं आधी स्पष्ट करू, कारण यात लोक अर्धवट ऐकून भांडायला जातात. 'विक्रेत्याने परतीचा पोस्टखर्च दिलाच पाहिजे' असं एक सरळ वाक्य आपल्या नियमांत नाही. जे आहे ते असं: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आणि परत पाठवण्याचा खर्च कोणावर, किती, ही माहिती ग्राहकाला स्पष्ट दिसेल अशी द्यावी लागते. मार्केटप्लेसवरच्या (म्हणजे दुसऱ्याच्या ॲपवर माल विकणाऱ्या) विक्रेत्यासाठी हे नियम ६ मध्ये आहे, स्वतःचा माल विकणाऱ्या कंपनीसाठी नियम ७ मध्ये.

म्हणजे तुमची बाजू दोन पायांवर उभी आहे. दोष त्यांच्या मालात होता, आणि चॅटवरच्या कबुलीत मर्यादा नव्हती. यातला दुसरा पाय जास्त भक्कम. आता त्यांचं रिटर्न धोरणाचं पान उघडून बघा. तिथे १०० ची मर्यादा आधीपासून लिहिलेली असेल तर ते त्यावर बोट ठेवतील, आणि तुम्हाला चॅटवर जोर द्यावा लागेल. तिथे नसेल तर प्रश्नच मिटला. पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा, अशी पानं गुपचूप बदलतात.

'आवडलं नाही, रंग वेगळा वाटला' अशा रिटर्नला हे काहीही लागू करू नका. तिथे दुकानाचं धोरण म्हणेल तेच.

गोदामराव
तीन उत्तरं तीन माणसांकडून आलीत, एवढाच त्याचा अर्थ. वस्तूचा परतावा गोदामाच्या स्कॅनवर आपोआप सुटतो. पोस्टखर्च मात्र कोणीतरी पावती उघडून, रक्कम हाताने टाकून मंजूर करायचा असतो. वस्तूचे पैसे गेले की रिटर्नची नोंद 'पूर्ण' होते आणि तुमची पावती एका बंद तिकिटाला (तक्रारीच्या नोंदीला) चिकटून राहते. पुढचा माणूस फक्त बंद तिकीट बघतो आणि ठोकळेबाज उत्तर पाठवतो.

म्हणून दर वेळी नवी चॅट उघडू नका. एकच ईमेल साखळी धरा, विषयात ऑर्डर क्रमांक आणि रिटर्न क्रमांक दोन्ही. चॅटचा मजकूर ईमेलवर मागवायची सोय असते, नसेल तर तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट.

कलम_आणि_दौत
बरोबर. आणि ती साखळी थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे न्या, कस्टमर केअरकडे नको. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो (पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडेल). तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियम ४ सांगतो. मजकूर छोटा ठेवा:

"ऑर्डर क्र. … मधील शेगडी काच तडकलेल्या स्थितीत मिळाली. पिकअप नसल्याने दि. … च्या चॅटमध्ये स्वतः पाठवण्यास सांगून खर्च परत देण्याचे मान्य केले होते. त्यात मर्यादा सांगितली नव्हती. स्पीड पोस्ट क्र. … ने पार्सल दि. … रोजी पोचले. खर्च २८६ रुपये. पावती, चॅट, ट्रॅकिंग आणि खोक्याची मापे सोबत जोडली आहेत. रक्कम मूळ कार्डावर किंवा बँक खात्यात जमा करावी. वॉलेट क्रेडिट मान्य नाही."

राग, मनस्ताप, 'इतकी वर्षं तुमचा ग्राहक' वगैरे काही नको. वाचणाऱ्याला रक्कम आणि पुरावा पाच सेकंदांत सापडला पाहिजे.

महिन्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं, पण पोर्टलवर लेखी नोंदवलेलं बरं, कारण कागद जोडता येतात. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. एवढ्या रकमेला बहुधा तेवढं पुरतं. कंपनीच्या दृष्टीने त्या तक्रारीला उत्तर लिहिणं २८६ रुपयांपेक्षा महाग पडतं.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीलाच दाखल करता येतं, भिवंडीला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायचं कारण नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. फक्त २८६ रुपयांसाठी जावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी तरी आधीच्या दोन पायऱ्या नीट चढायला सांगेन.

चहाटळ
कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक (दुकानाला दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं) टाकला तर?

गोदामराव
नाही चालणार. २८६ रुपये तुम्ही पोस्टाला दिलेत, त्या कार्डावरून दुकानाला नाही. चार्जबॅक फक्त शेगडीच्या रकमेवर टाकता आला असता आणि ती तर परत आलीय. आता टाकलात तर उलट तुमचंच खातं संशयास्पद ठरू शकतं.

एक धोका सांगतो, कारण या टप्प्यावर लोक फसतात. वैतागून गूगलवर 'अमुक कंपनी रिफंड नंबर' शोधू नका. तिथले बरेचसे नंबर चोरांचे असतात. परताव्यासाठी फार तर खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतो, तोही कंपनीच्या ॲपमध्ये किंवा अधिकृत ईमेलवर. ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन ओळी, इथे नियम बराच वेगळा आहे. सदोष माल ३० दिवसांत नाकारला तर परत पाठवण्याचा वाजवी खर्च दुकानाचाच, २०१५ च्या कायद्याने. नुसतं मन बदललं म्हणून १४ दिवसांत ऑर्डर रद्द केली तर खर्च आपला. पण तो आपल्यावर आहे हे दुकानाने आधी कळवलंच नसेल तर त्यांच्यावर जातो. भारतातल्या दुकानाला हे कलम ऐकवून उपयोग नाही.

वेशीवरचा_वड
खोकं मोजलं होतं, ४२ × ३३ × १२ च. बिलावर 'विक्रेता' म्हणून वेगळंच नाव आहे, ॲप दुसऱ्याचं. मेल कोणाला? आणि वॉलेटमधले १०० रुपये आत्ता स्वीकारून बाकीचे १८६ मागितले तर चालेल का?

कलम_आणि_दौत
मेल ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला, प्रत विक्रेत्याला. स्वतः पाठवा असं ॲपच्या चॅटनेच सांगितलं, त्यामुळे ते हात झटकू शकत नाहीत. विक्रेत्याचा पत्ता किंवा ईमेल बिलावर नसेल तर ॲपकडे लेखी मागा, खरेदीनंतर मागितल्यावर तो द्यावा लागतो (नियम ५).

१०० रुपये न विचारता वॉलेटमध्ये पडले तर पडू द्या, खर्च करू नका, आणि त्याच साखळीत लिहा की हे अंशतः आहेत, १८६ बाकी. पण स्वीकारण्याचं बटण दाबायला सांगत असतील तर त्याखालचा मजकूर आधी वाचा. 'संपूर्ण व अंतिम' अशा अर्थाचे शब्द असतील तर दाबू नका.