शब्दचर्चा: 'सिस्टीम क्वार्टरबॅक'ला मराठीत काय म्हणाल?

मिशिगनवासी
डेट्रॉइटजवळ राहतो, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलमधली इथली टीम लायन्स बघणं आता सुटत नाही. आमच्या मराठी ग्रुपवर लायन्सचा क्वार्टरबॅक (बॉल कुठे टाकायचा ते ठरवणारा खेळाडू) जॅरेड गॉफ याच्यावरून सीझनभर वाद चालू असतो आणि त्यात 'सिस्टीम क्वार्टरबॅक' हा शब्द कोणी ना कोणी फेकतोच. म्हणजे असा क्वार्टरबॅक की ज्याचे आकडे त्याचे नाहीत, कोचने आखून दिलेल्या स्कीमचे आहेत, ती काढून घेतली तर हातात काय उरतं? शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही, हिणवायलाच वापरतात. आई सध्या इथे आलीये, ती पण मॅच बघते, तिला हे मराठीत सांगायला गेलो आणि अडकलो. 'पद्धतीतला' म्हटलं तर काहीच बोध होत नाही. ग्रुपवर एकाने 'पढवलेला पोपट' सुचवलं, ते मला खटकतंय पण नेमकं का ते सांगता येईना. सुचवा काहीतरी.

पेठकर
खटकायचं काय त्यात, पोपटच बरोबर आहे. गॉफ आधीच्या टीममध्ये, रॅम्समध्ये असताना काय चालायचं बघा. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो, प्ले क्लॉक, म्हणजे पुढची चाल सुरू करायची मुदत, ४० सेकंदांचं असतं आणि त्यावर १५ उरले की तो रेडिओ बंद होतो. तिथला कोच शॉन मॅकव्हे काय करायचा, टीमला घाईघाईने लाइनवर उभी करायचा म्हणजे समोरचा डिफेन्स कसा उभाय ते रेडिओ चालू असतानाच दिसेल, आणि मग गॉफच्या कानात सांगायचा. कानात सांगितलेलं मैदानावर केलं, यात पोपटापेक्षा वेगळं काय? आणि फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, पेट्रियट्सचा कोच बेलिचिकने डिफेन्स बदलला तर रॅम्सचे अख्ख्या मॅचमध्ये ३ पॉइंट. १३-३. पिंजरा हलवला की पोपट गप्प!

ओळंबा
पेठकर, टोमणा छान आहे पण अर्थ चुकतो. पोपटाला आपण काय बोलतोय ते कळत नसतं. इथे १५ सेकंद उरले की कान बंद, त्यानंतर डिफेन्सवाले जागा बदलतात, मागे उभा असलेला सेफ्टी खाली येतो, स्नॅप झाला, म्हणजे बॉल हातात आला की हातात अडीच-तीन सेकंद, त्यात बॉल कुठे टाकायचा हे कोण ठरवतं? कानातला माणूस नाही.

स्कीम त्याच्यासाठी बघण्याचं काम कमी करते, बघायचं त्यालाच असतं. मॅकव्हेच्या ऑफेन्समध्ये रन आणि पास सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसायचे. क्वार्टरबॅकला सांभाळणारी लाइन सगळी एका बाजूला सरकते, गॉफ बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला बॉल दिल्यासारखं करतो, समोरच्या डिफेन्सचे लाइनबॅकर ती रन समजून दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे जी जागा रिकामी होते तिथेच रिसीव्हर पोचलेला असतो. क्वार्टरबॅकला अख्खं मैदान वाचावं लागत नाही, अर्धं वाचलं तरी चालतं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला ही केवढी मोठी मदत आहे!

आकडेच बघा. गॉफ २०१६ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला पिक, कोच जेफ फिशरच्या रॅम्समध्ये आला, रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, म्हणून ७ मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला, ५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनी पकडला). फिशरला डिसेंबरातच काढलं. लोकांनी 'बस्ट', म्हणजे फुसका निघाला, म्हणून शिक्का मारून टाकला होता. पुढच्या वर्षी तिशीतला मॅकव्हे आला आणि त्याच गॉफचे २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. रॅम्सचे सीझनचे पॉइंट २२४ वरून ४७८, लीगमध्ये शेवटून पहिले होते ते वरून पहिले. हात तोच, माणूस तोच. पोपट म्हणायचं तर २०१६ मध्ये पोपट नव्हता का मग?

पेठकर
थांबा थांबा, फक्त कोच बदलला असं भासवू नका. त्याच वर्षी लाइनमध्ये लेफ्ट टॅकलला अँड्र्यू व्हिटवर्थ आला, पस्तिशीतला अनुभवी गडी, रिसीव्हर म्हणून रॉबर्ट वुड्स आला, सॅमी वॉटकिन्स आला, ड्राफ्टमध्ये कूपर कप मिळाला. एवढं सगळं दिलं तर क्वार्टरबॅक चांगला दिसणारच ना. सगळं श्रेय स्कीमला देणं हा पण अन्यायच आहे.

ओळंबा
मान्य. पण मग हे श्रेय 'सिस्टीम'मध्येच जातं की वेगळं काढायचं, हाच तर शब्दाचा घोळ आहे. लोक सिस्टीम म्हणताना यात कोच, प्ले, लाइन, रिसीव्हर सगळं एकत्र कोंबतात.

रंकाळा
एवढे लांब कशाला जाताय राव, आपल्याकडे शब्द तयार आहे. 'तालमीतला'. अमक्या वस्तादाच्या तालमीत तयार झालेला पठ्ठा. कोल्हापुरात कुणालाही विचारा, तालमीचं नाव घेतलं म्हणून पैलवान लहान होत नाही, उलट भाव वाढतो. डाव वस्तादाने शिकवलेला असतो पण आखाड्यात टाकतो तो पैलवानच, आणि पडला तर पाठही त्याचीच लागते. अजून एक फायदा, इंग्रजीतल्या 'प्ले'ला आपल्याकडे 'डाव' फिट बसतो, ऑफेन्सला कबड्डीवाल्यांची 'चढाई' घ्या आणि स्कीमला सरळ 'डावपेच'. आईंना सांगा, हा मॅकव्हेच्या तालमीतला. लगेच कळेल.

मिशिगनवासी
हे आवडलं. पण रंकाळा, हिणवायची छटा गेली की हो. ग्रुपवरचे लोक कौतुक म्हणून म्हणत नाहीयेत.

रंकाळा
छटा गेली तर बरंच झालं, ती छटाच चुकीची आहे 😄

सनीवेलचे आजोबा
मी इकडे बे एरियात आमची टीम फोर्टीनाइनर्स बघत म्हातारा झालो, त्यामुळे 'तालमीतला' वाचून हसू आलं, कारण आमचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ याला दर वर्षी नवी तालीम होती. २००५ ला पहिला पिक, कॉलेजला युटामध्ये अर्बन मायरच्या स्प्रेड ऑफेन्समधून आलेला पोरगा, त्याला पहिल्या वर्षी कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स बघणारा कोच, माइक मॅकार्थी, १ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन झाले, वर्ष संपलं आणि मॅकार्थी ग्रीन बेला हेड कोच म्हणून गेले, मग नॉर्व टर्नर आले, जरा बसतंय बसतंय म्हणेपर्यंत, १६ टचडाउन झाले होते हो, तेही सॅन डिएगोला हेड कोच म्हणून गेले, मग २००७ ला जिम हॉसलर, २००८ ला माइक मार्ट्झ, मग जिमी रे, आणि २०१० मध्ये तर सीझन सुरू झाल्यावर तिसऱ्या मॅचनंतर रेंना काढून माइक जॉन्सन. मधे खांदा मोडला ते वेगळंच. कोऑर्डिनेटर चांगला निघाला तर दुसरे लोक पळवतात, वाईट निघाला तर आपण काढतो, पोराच्या वाट्याला दोन्हीकडून नवीन माणूस.

आणि नवीन माणूस म्हणजे नवीन भाषा, हे मी उगाच म्हणत नाहीये. कोच बिल वॉल्शपासून आलेल्या वेस्ट कोस्ट पद्धतीत प्लेचं नाव म्हणजे शब्दांची मालगाडी, 'स्पायडर टू वाय बनाना' हे त्यातलं छोटं नाव, त्यात 'स्पायडर टू' म्हणजे लाइनने संरक्षण कसं करायचं आणि 'वाय बनाना' म्हणजे टाइट एंडने केळ्यासारखं वळत कुठे पळायचं. डॉन कोरिएलच्या पद्धतीत रिसीव्हरच्या प्रत्येक धावेला आकडा, ० ते ९, नऊ म्हणजे सरळ नाकासमोर खोल पळ, आठ म्हणजे आत गोलपोस्टकडे वळ. आणि एरहार्ट-पर्किन्स, जी पेट्रियट्सनी वापरली, तिच्यात अख्ख्या कल्पनेला एकच शब्द, कोण कुठे उभाय त्यावरून ज्याने त्याने आपलं काम समजून घ्यायचं. मॅकार्थी पहिल्या घराण्यातले, टर्नर दुसऱ्या. हडलमध्ये दहा जणांना प्ले सांगायचा आणि मनातल्या मनात भाषांतर चालू, मग समोरचा डिफेन्स बघणार कधी?

२०११ ला हेड कोच म्हणून जिम हार्बॉ आला, स्वतः क्वार्टरबॅक राहिलेला माणूस. १३ मॅच जिंकल्या, ३ हरल्या, वर्षभरात स्मिथचे फक्त ५ इंटरसेप्शन. आणि गंमत अशी की तेव्हाच लोकांनी स्मिथला काय म्हणायला सुरुवात केली असेल? सिस्टीम क्वार्टरबॅक! सहा वर्षं सिस्टीम नव्हती तेव्हा नालायक, मिळाली तेव्हा सिस्टीमवाला. त्याच ड्राफ्टमधला ॲरन रॉजर्स २४ वा निवडला गेला आणि ग्रीन बेमध्ये तीन वर्षं तिथला क्वार्टरबॅक फार्व याच्या मागे बसून शिकला, त्याला कोणी तसं म्हणत नाही.

पेठकर
आजोबा, फोर्टीनाइनर्सबद्दल एवढं दुःख असेल असं वाटलं नव्हतं. पण रॉजर्स बसून शिकला म्हणूनच झाला असं नका म्हणू, तो मुळातच वेगळा होता.

सनीवेलचे आजोबा
मुळात वेगळा होताच. पण त्याला पहिल्या वर्षी मैदानात ढकललं असतं तर कळायला वेळ लागला असता, एवढंच.

जाईजुई
मी क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्डची आठवण करून देते. ऑक्टोबर २०१९, त्याची टीम जेट्स विरुद्ध पेट्रियट्स, ३३-० हरले, ४ इंटरसेप्शन, आणि त्याच्या अंगावर माइक लावलेला होता त्यात तो बेंचवर बसून म्हणाला की मला भुतं दिसतायत. फुटबॉलमध्ये याचा अर्थ अंगावर कोणी येत नसताना येतंय असं वाटणं. आपल्याकडे 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' तयारच आहे की!

पण ती म्हण इथे वापरताना जरा जपून, कारण तिच्यात दोष भित्याचा. त्या रात्री पेट्रियट्सनी एवढे लोक अंगावर सोडले होते की निम्मी भुतं खरी होती. कोच ॲडम गेसची टीम, लाइन गळकी, बावीस वर्षांचा पोरगा. तोच डार्नोल्ड २०२४ मध्ये मिनेसोटात कोच केव्हिन ओकॉनेलकडे गेला, समोर रिसीव्हर जस्टिन जेफरसन, आणि ३५ टचडाउन, १४ मॅच जिंकल्या. मधलं एक वर्ष त्याने फोर्टीनाइनर्सचा कोच शानाहानकडे बॅकअप म्हणून काढलं होतं, ते बहुतेक लोक विसरतात, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. त्याचं काय बदललं ते बघा, पाय शांत झाले. पहिला रिसीव्हर मोकळा नाही तर दुसरा कुठे असेल हे आधीच माहीत असलं की माणूस पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनच्या आडोशाला, उभा राहतो, नाहीतर पळत सुटतो.

पेठकर
आणि त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला ९ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडलं. तेव्हा ओकॉनेलची स्कीम कुठे होती?

जाईजुई
तिथेच होती, लाइन नव्हती.

मिशिगनवासी
आईला 'तालमीतला' सांगून बघितलं, लगेच कळलं, आणि तिचा पुढचा प्रश्न असा की मग वस्ताद सोडून गेला तर? लायन्सचा ऑफेन्स बघणारा कोच बेन जॉन्सन २०२५ ला शिकागोला गेला हे तिला मीच सांगितलं होतं. मी म्हटलं आता तो तिथला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सचा वस्ताद, ज्याला रूकी वर्षात ६८ वेळा सॅक केलं होतं. तर म्हणे त्या पोराला आधी कोणी सांभाळणारं नव्हतं का. 'ऑफेन्सिव्ह लाइन'ला शब्द द्या आता कोणीतरी, चढाईत 'बचाव' म्हटलं तर ती अजून गोंधळेल.

रंकाळा
'आडफळी'? आड उभी राहिलेली फळी. क्रिकेटमधली आघाडीची फळी, मधली फळी चालते तर ही का नको.

पेठकर
चालेल. जेट्सची आडफळी त्या रात्री फळकुटं होती.