छोट्या नाटकांची संध्याकाळ : सहा म्हणजे फार होतात का?

चौथी रांग :
शनिवारी एका छोट्या नाट्यगृहात जाऊन आलो. सत्तर-ऐंशी खुर्च्या, रंगमंच म्हणजे काळा रंग मारलेली जमीन. सहा नवी छोटी नाटकं, सहा लेखक, सगळं मिळून पावणेदोन तास. परतताना मित्राने विचारलं, कुठलं आवडलं? मला एकच धड आठवत होतं. बाकी पाचांचे शेवट आठवत होते, नाटकं नाही.

त्या पाचांपैकी चारांची बांधणी एकच. दोन माणसं, एकाला काहीतरी ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही. शेवटच्या वाक्यात ते बाहेर येतं आणि ब्लॅकआउट, दिवे गुल. पहिल्यांदा दचकलो. तिसऱ्या वेळी मी मनातल्या मनात अंदाज बांधत बसलो होतो. समोर नट जीव तोडून काम करतायत आणि मी कोडं सोडवतोय!

आता ते आठवलेलं नाटक. क्रमाने चौथं. एक म्हातारा गेलेल्या बायकोचे कपडे खोक्यात भरतोय. हातात स्वेटर येतो. बाह्या आत दुमडून तो घडी घालतो, बघत राहतो, परत उलगडतो. पुन्हा घडी. दोन मिनिटं एक शब्द नाही. शेवटी स्वेटर खोक्यात जातो, एक बाही बाहेर लोंबत राहते, आणि ती आत न सारताच तो झाकण लावतो. अंधार.

किती वेळ अंधार? तीन सेकंद. की लगेच ढिंगचॅक संगीत आणि पाचव्या नाटकातली मुलगी सुटकेस ओढत हजर. माझा जीव अजून त्या बाहीत अडकलेला. खरं सांगतो, रागच आला.

माझं म्हणणं असं की, छोट्या नाटकांची अशी रांग लावली की प्रेक्षक फक्त सुरुवाती आणि शेवट बघून येतो. नाटकाचा मधला भाग, जिथे आपण पात्राबरोबर राहायला लागतो, तो कुठे मिळतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

कंसातली सूचना :
साफ चूक. तुमच्या वाट्याला चार सुमार नाटकं आली आणि तुम्ही खापर लांबीवर फोडताय. सुमार दोन अंकी नाटक बघितल्यावर कुणी म्हणतं का, की दोन अंक हा प्रकारच वाईट?

नाटककार बेकेटचं 'कम अँड गो' घ्या. १९६५ सालचं. बाकावर तीन बायका. एक उठून अंधारात जाते, उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात त्या गेलेलीबद्दल काहीतरी सांगते, दुसरी हादरते. ती परत येऊन बसते. मग दुसरी जाते, मग तिसरी. प्रत्येकीबद्दल इतर दोघींना काहीतरी माहीत आहे आणि जिचं तिला नाही. अख्ख्या नाटकात जेमतेम सव्वाशे शब्द. त्यात मधला भाग शोधायला जाल तर ते सगळंच मधला भाग आहे.

चौथी रांग :
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की! कानात काय सांगितलं ते त्या नाटकात शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. परवाच्या चौघांपैकी कुणी ते लिहिलं असतं तर तिसरी बाई शेवटी उभी राहून सगळं ओरडून सांगती आणि ब्लॅकआउट.

कंसातली सूचना :
हे मान्य. पण मग तक्रार 'पंच'वर, म्हणजे शेवटच्या त्या धक्क्यावर करा, छोट्या नाटकावर नको. मी स्वतः लिहितो, म्हणून सांगतो. दहा मिनिटं हातात असली की हात आपोआप शेवटच्या वाक्याकडे धावतो, कारण टाळी तिथे असते. तो मोह आवरायला वेळ लागतो. रशियन लेखक चेकॉव्हने तंबाखूच्या दुष्परिणामांवरचं ते एकपात्री भाषण १८८६ मध्ये लिहिलं आणि शेवटचा खर्डा १९०२ मध्ये केला. सोळा वर्षं, आणि रंगमंचावर एकच माणूस. नुसत्या गमतीतून हळूहळू त्या बायकोच्या धाकातल्या नवऱ्याची कीव यायला लागते.

कडेची खुर्ची :
मीही तोच प्रयोग बघितला बहुतेक, स्वेटर आणि सुटकेस दोन्ही होते. माझं मत सांगू? स्वेटरवाल्याला मी कंटाळले. दुसऱ्यांदा घडी सुरू झाल्यावर मी घड्याळ बघितलं. आणि ती सुटकेसवाली आली तेव्हा हायसं वाटलं. तुमची रांग पुढची असेल, आम्ही मागे होतो, म्हाताऱ्याचे हातच दिसत नव्हते. सपाट जमिनीवर बसून काही केलं की मागच्यांना पुढच्यांची डोकीच बघावी लागतात, हे कुणी बोलतच नाही.

आणि रडू-हसू लागोपाठ ठेवण्यात पाप काय? पॅरिसच्या ग्राँ गिन्योल नाट्यगृहात (१८९७ ते १९६२) हेच चालायचं. एका रात्रीत चार-पाच छोटी नाटकं, एक अंगावर काटा आणणारं, पुढचं फार्स, परत काटा. थंड-गरम पाण्याची अंघोळच. हसून मोकळं झालं की पुढची भीती जास्त लागते. शिवाय एक उघड फायदा : न आवडलेलं नाटक दहा मिनिटांत संपतं. दोन अंकी फसलं तर मध्यंतरात पळावं लागतं, तेही ओळखीचं कुणी बघत नाही ना हे बघून.

चौथी रांग :
ती अंघोळ ठरवून घातलेली होती. इथे सहा लेखकांची सहा नाटकं कुणीतरी ओळीने लावली, बस्स. क्रम लावणं हेही दिग्दर्शनच आहे. १९५९ मध्ये बर्लिनला बेकेटचंच 'क्रॅप्स लास्ट टेप' आणि तेव्हा नवख्या असलेल्या अमेरिकन नाटककार अल्बीचं 'झू स्टोरी' एका संध्याकाळी झाली. एकात टेपरेकॉर्डरसमोर एकटा म्हातारा, दुसऱ्यात बागेतल्या बाकावर अनोळखी माणसाला जबरदस्तीने गोष्ट सांगणारा एकटा माणूस. दोन एकटे शेजारी ठेवले की तिसरंच काही तयार होतं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कलाही हीच जोडी केली. दोनच नाटकं. सहा नाही.

काळे कपडे :
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. त्या प्रयोगाचं बॅकस्टेज मी करतो.

अंधार तीन सेकंदांचा का, ते सांगतो. त्या जागेला विंगा, म्हणजे रंगमंचाच्या बाजूचे आडोसे, नाहीत. एका बाजूला पडद्यामागे दीड हात पट्टी आहे, तिथे सहा नाटकांची प्रॉपर्टी (म्हणजे नाटकात लागणारं सामान) आणि पुढच्या एन्ट्रीचे नट अंग चोरून उभे. लाइट सगळ्यांना मिळून एकदाच लावलेले, प्रत्येक नाटकाला वेगळा म्हणून एखादा स्पॉट. खुर्च्या-टेबलांच्या जागा दाखवायला जमिनीवर प्रत्येक नाटकाच्या वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आहेत, आणि अंधारात सगळे रंग सारखेच दिसतात हे आम्हाला तांत्रिक तालमीत, म्हणजे दिवे-संगीत जुळवून बघायच्या तालमीत, कळलं. त्या तालमीत एकेका नाटकाच्या वाट्याला पाऊण तास आला. म्हणून दिग्दर्शकांनी ठरवलं की, सामानाचे बदल संगीताखाली आणि चालू नाटकात करायचे. ती सुटकेसवाली मुलगी नाचत नाचत खोकं उचलून आत नेते. ते नृत्य नाही हो, ते सामान हलवणं आहे.

आणि बाहीचं म्हणाल तर ती लिहिलेली नव्हती. तालमीत खोकं लहान पडलं, झाकण लागेना. नटाने तसंच दाबून लावलं आणि बाही बाहेर राहिली. दिग्दर्शिका म्हणाली, हेच ठेवा. तेव्हापासून मी रोज तेच लहान खोकं आणतो.

कंसातली सूचना :
हे वाचून तर छोट्या नाटकाबद्दलचं माझं प्रेम दुप्पट झालं. दहा मिनिटांच्या नाटकातच एक बाही एवढी मोठी होऊ शकते.

चौथी रांग :
@काळे कपडे, हे माहीत नव्हतं. रागाचा शब्द मागे घेतो, म्हणणं नाही घेत. तीनच नाटकं करा, मध्ये दिवे लावून पाच मिनिटं सोडा, सामानही हलेल आणि माणसंही.

काळे कपडे :
आणि उरलेल्या तिघांना कोण सांगणार? सहापैकी चौघांचं हे पहिलंच नाटक आहे. एकट्याच्या दोन अंकी संहितेला त्यांना कुणी जागा दिली नसती. शिवाय प्रत्येकाचे दहा-बारा आप्तेष्ट येतात, त्यांनीच बहुतेक खुर्च्या भरतात. तीन नाटकं म्हणजे निम्मं घर रिकामं.

कडेची खुर्ची :
हेच तर. आणि त्या आप्तेष्टांमुळेच पंच आला की शिट्ट्या पडतात, मग पुढचा लेखक पंचच लिहिणार. चौथ्या रांगेचा राग थोडा आमच्याकडेही वळवायला हवा.

चौथी रांग :
ठीक. सहा राहू द्या. निदान स्वेटरनंतरचा अंधार वाढवा.

काळे कपडे :
विचारून बघतो. दुसरा प्रयोग आहे हे काल लिहायचं राहिलं, तो आज रात्री आहे.

काळे कपडे :
प्रयोग झाला. दिग्दर्शिका तयार झाली, संगीत आठ सेकंद उशिरा सोडायचं ठरलं. मी पट्टीत उभा राहून मोजत होतो. खोक्याचं झाकण, अंधार, एक, दोन, तीन. कुणी हललं नाही. चार. पाचला मागच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच सुरू झाले.

कडेची खुर्ची :
मी नव्हते. मी काल पुढे बसले होते, हात बघायला.