'शिष्य करा', 'शिष्य घडवा' की 'शिष्य बनवा'?

मिरजकर
आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी मी एका पाठाचे भाषांतर करीत आहे. मत्तय २८:१९ मध्ये पुनरुत्थित येशू आपल्या शिष्यांना आज्ञा देतो की, जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि त्यांना बाप्तिस्मा द्या. येथे मी जुन्या वळणाने 'शिष्य करा' असे लिहिले. पाळकांनी त्याचे 'शिष्य बनवा' केले, आणि वर्गातील तरुणांना 'शिष्य घडवा' हेच योग्य वाटते. मूळ ग्रीकमध्ये नाम वेगळे आणि क्रियापद वेगळे अशी रचनाच नाही. 'माथेतेवो' हे एकच क्रियापद तेथे आज्ञार्थी आले आहे, आणि जाणे, बाप्तिस्मा देणे व शिकवणे ही तिन्ही धातुसाधिते त्याच्या आश्रयाने उभी आहेत. हा भार मराठीत कोणते क्रियापद पेलेल?

कृष्णाकाठ, सांगली
'बनवा' मुळीच नको. ते हिंदीचे वळण आहे, आणि मराठीत एखाद्याला बनवणे म्हणजे फसवणे. इतक्या गंभीर आज्ञेत तो अर्थ डोकावताही कामा नये. आपण 'गुरू करणे' म्हणतोच, तेव्हा 'शिष्य करणे' हे अस्सल मराठी आहे.

सातारकर
शुद्धतेचा हा आग्रह नव्या कराराच्या बाबतीत मला पटत नाही, कारण त्याची ग्रीक ही पंडितांची नव्हती, बाजारात आणि घरात बोलली जाणारी होती. आमच्या घरी आजीसुद्धा भाकरीबरोबर पिठले 'बनवायची', आणि तिला हिंदी येत नव्हती. मात्र 'गुरू करणे' या उदाहरणाने उलटाच प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे शिष्य गुरूला शोधतो. शुभवर्तमानांत येशू स्वतः जाळी टाकणाऱ्यांना हाक मारतो, आणि योहान १५:१६ मध्ये 'तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांला निवडले' असे स्पष्ट सांगतो.

माहुली
ही हाक जुन्या करारातूनच आली आहे, आणि ते सोडून केवळ क्रियापदावर वाद घालणे मला अपुरे वाटते. १ राजे १९ मध्ये अलीशा बैलांच्या बारा जोड्यांसह नांगरीत असताना संदेष्टा एलीया त्याच्यावर आपला झगा टाकतो. अलीशा बैल कापून, औताच्याच लाकडावर मांस शिजवून लोकांना वाढतो आणि मग एलीयाच्या मागे जाऊन त्याची सेवा करू लागतो. यशया ८:१६ मध्ये शिक्षण 'माझ्या शिष्यांमध्ये' जपून ठेवण्याची भाषा आहे. मत्तय आपले पुस्तक 'अब्राहामाचा पुत्र' या वंशावळीने उघडतो, आणि पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील हे उत्पत्ती १२:३ मधील वचन शेवटी 'सर्व राष्ट्रे' या शब्दांत पुढे येते. आज्ञेच्या आधीचे येशूचे 'सर्व अधिकार मला दिला आहे' हे वाक्य दानीएल ७:१४ शेजारी ठेवून वाचावे, जेथे मानवपुत्रासारख्या एकाला प्रभुत्व दिले जाते. त्या अधिकाराशिवाय ही आज्ञा म्हणजे नुसती माणसे गोळा करण्याची मोहीम ठरली असती.

परळी खोरे
माझी शंका 'शिष्य' या शब्दाविषयीच आहे. हा शब्द 'शास्' धातूपासून येतो, म्हणजे ज्याला शिकवण द्यायची तो. ग्रीक 'माथेतेस' हा 'शिकणे' या क्रियापदापासून, म्हणजे जो शिकतो तो. सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढल्यामुळे 'शिष्य' म्हटले की मला आधी सद्गुरू आणि अनुग्रह आठवतो. मत्तय २३:८ मध्ये तर येशू आपल्या लोकांना 'गुरुजी' म्हणवून घेण्यास मनाई करतो. 'अनुयायी' का नको?

कृष्णाकाठ, सांगली
अनुयायी आज पुढाऱ्यांचे असतात, आणि त्यांना शिकावे काहीच लागत नाही. शिवाय प्रेषितांची कृत्ये ९:३६ मधील यापोच्या तबीथेला 'शिष्या' म्हणता येते; 'अनुयायी' या शब्दात तिचे स्त्रीत्व वेगळे दिसत नाही.

मिरजकर
'घडवा'चे काय? 'माथेतेवो' हे ग्रीक क्रियापद नव्या करारात चारच ठिकाणी येते. कृत्ये १४:२१ मध्ये पौल आणि बर्णबा दर्बे येथे पुष्कळ शिष्य करतात, आणि शिष्यांची मने स्थिर करण्याचे काम पुढच्या वचनात, परतीच्या वाटेवर, स्वतंत्रपणे सांगितले आहे. म्हणजे घडवणे हे शिष्य करण्याहून वेगळे काम दिसते.

माहुली
तरीही २८:२० मधील 'जे काही मी तुम्हांला आज्ञापिले ते सर्व पाळावयास शिकवा' यात घडवणे आहेच. पाळण्याची सवय एका दिवसात लागत नाही.

सातारकर
येथे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे स्मरण होणे आवश्यक आहे. १९१७ मध्ये ते मिशनचे काम सोडून साताऱ्यास आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत अशी त्यांची कल्पना होती. ज्या वाक्यात शिष्य करणे आधी आणि बाप्तिस्मा नंतर येतो, त्याचा हा मला प्रामाणिक अर्थ वाटतो.

कृष्णाकाठ, सांगली
टिळकांविषयी आदर राखूनही, वाक्यातील शब्दांचा क्रम हा घटनांचा क्रम मानता येणार नाही. कृत्ये ८ मधील कूशी अधिकारी रथातून उतरून वाटेतल्याच पाण्यात बाप्तिस्मा घेतो. तो आधी कधी शिष्य झाला, हे आपण कसे ठरवणार?

सातारकर
रथात बसून तो यशया वाचत होता आणि उलगडून सांगणारा कोणी शोधत होता, म्हणजे शिकणे तेव्हाच सुरू झाले होते, असे मी म्हणेन.