व्हेटोचं ऋण किती वर्षं फेडायचं?

वास्कोकर :
डिसेंबर लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं : रशिया नसता तर गोवा मुक्त झाला नसता. त्याला जोडूनच दुसरं येतं : म्हणून युक्रेनबाबत भारत गप्प राहिला ते योग्यच.

पहिल्या वाक्यात अर्धं तथ्य आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने सुरक्षा परिषदेत ठराव आणला : लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. सात मतं बाजूने, चार विरोधात. सोव्हिएत व्हेटोने, म्हणजे नकाराधिकाराने, तो पडला, हे खरंच. पण दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला तो आपल्या फौजेला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने बजावूनही गव्हर्नरने माणसं नाहक मरू दिली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ठराव पास झाला असता तरी पणजीतलं चित्र त्या संध्याकाळी हेच असतं.

आणि ऋणच मोजायचं तर पुढच्याच वर्षाचंही मोजा. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीन चालून आला तेव्हा मॉस्को सुरुवातीला चीनकडेच झुकलं होतं. नेहरूंनी शस्त्रं मागितली ती वॉशिंग्टन आणि लंडनकडे, आणि ती मिळालीही.

रशियाचं तेल घेण्याला माझा विरोध नाही. २०२२ आधी आपल्या आयातीत ते दोन टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर एक तृतीयांशाच्या वर गेलं, कारण स्वस्त मिळालं. तो व्यवहार आहे, मग व्यवहार म्हणूनच बोला. उपकार म्हटलं की त्याची किंमत विचारायची सोय राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्यातलं निम्मं या तेलापायी. तिकडे कोळंबी पाठवणाऱ्याला कोणी विचारलं होतं का?

कुळागर :
ठरावाने काही बदललं नसतं, हे फारच सोपं करून सांगताय. काश्मीरवरचे १९४८चे ठराव पाकिस्तान आजही नाचवतो. तसाच एक कागद गोव्याच्या नावाने लिस्बनच्या हातात राहिला असता. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४च्या अखेरीस, म्हणजे तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. मधली तेरा वर्षं तो कागद घेऊन पाखले (पोर्तुगीज) जगभर फिरले असते.

शिवाय हे एका दिवसाचं नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत ठरवून टाकलं. काश्मीरवर १९५७ आणि १९६२ मध्ये व्हेटो कोणाचा होता? याला उपकार म्हणू नका हवं तर. अडीअडचणीला कोण उभं राहतं, याचा अनुभव म्हणा.

माडाखाली :
व्हेटो राहू दे बाजूला. मोठा शेजारी म्हणतो, ती माणसं आमचीच, आणि युक्रेनमध्ये रणगाडे घुसवतो. गोंयकाराने याला टाळ्या वाजवायच्या?

कुळागर :
टाळ्या कोणी वाजवल्या? २ मार्च २०२२ला आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, भारत तटस्थ राहिला. आणि गोव्याशी तुलना चुकतेय. साडेचारशे वर्षं समुद्रापलीकडून राज्य करणारी वसाहत कुठे आणि संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असलेला देश कुठे!

माडाखाली :
मग युक्रेन सदस्य देश आहे म्हणजे हल्ला जास्तच चूक, नाही का? तुमचाच मुद्दा माझ्या कामी आला.

गोदीवाला :
जहाजबांधणीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबवतो. आपल्या गोवा शिपयार्डमध्ये दोन फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, बांधायला घेतल्या. ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली, ‘तवस्य’ मार्च २०२५ मध्ये. आराखडा रशियाचा, तंत्रज्ञान रशियाचं. आणि गॅस टर्बाइन इंजिनं? युक्रेनमधल्या मिकोलाइवच्या कारखान्याची.

२०१४ला रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने त्यांना ही इंजिनं देणं बंद केलं. कालिनिनग्रादच्या गोदीत तयार सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. शेवटी भारताने युक्रेनकडून इंजिनं स्वतः विकत घेतली आणि त्या सांगाड्यांपैकी दोन जहाजांसाठी रशियाला नेऊन दिली. ‘तुशील’ आणि ‘तमाल’ अशा तयार झाल्या. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांकडून एकच जहाज पूर्ण करून घ्यायचं, तर बोलताना जीभ आवरावीच लागते. ही लाचारीही नाही आणि जुनी मैत्रीही नाही. इंजिनाचा पाया जहाजाच्या पोटात एकदा ठरला की दुसऱ्या कंपनीचं इंजिन तिथे सहज बसत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

वास्कोकर :
गोदीवाला बाब, हेच तर म्हणतोय मी, फक्त तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. हे अवलंबित्व आहे, आणि दिल्लीलाही ते खुपतं. २००९ ते १३ या काळात आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७६ टक्के होता, २०१९ ते २३ मध्ये ३६. ऋणाच्या गोष्टी चालू आणि वाटा निम्म्याहून कमी.

कुळागर यांनी अडीअडचणीचं म्हटलं. ऑक्टोबर २०१६ला बाणावलीत ब्रिक्सची परिषद झाली. उरीच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. तिथेच पुतिन यांच्याबरोबर एस-४०० क्षेपणास्त्रांचा करार झाला. आणि गोवा घोषणापत्रात जैश-ए-महंमद, लष्कर-ए-तय्यबा या दहशतवादी संघटनांची नावं आली का? नाही आली. चीनने अडवलं, आणि रशियाने आपल्यासाठी हट्ट धरला नाही. आपल्या अंगणात, आपणच यजमान असताना!

कुळागर :
पुढच्याच वर्षी शियामेनला, म्हणजे चीनच्या भूमीवर, ती नावं घोषणापत्रात आली. दारं उघडी ठेवली म्हणूनच आली.

तारवट्याची आई :
मोठं राजकारण मला कळत नाही, पण एप्रिल २०२४ला इराणने होर्मुझजवळ मालवाहू जहाज पकडलं, त्यात १७ भारतीय होते. माझा मुलगा दुसऱ्या जहाजावर त्याच वाटेवर होता. त्यातली माणसं सुटायला लागली ती दिल्ली तेहरानशी बोलत होती म्हणून. इस्रायलशीही आपलं बोलणं आहे. कोणाशीच कायमचं भांडू नये, मला तरी तेच बरं वाटतं.

माडाखाली :
सगळ्यांशी बोलणं वेगळं, काकी. चूक दिसत असताना तिला चूक न म्हणणं वेगळं. महासत्ता व्हायचं म्हणता आणि महत्त्वाच्या प्रश्नावर तटस्थ!

कुळागर :
चूक म्हणून काय थांबलं असतं? आणि वास्कोकर, आडवळण नको. तेल बंद करायचं की नाही?

वास्कोकर :
नाही. सवलत मिळतेय तोवर घ्यावं, आटली की दुसरीकडे बघावं. मात्र शुल्काचा फटका ज्या निर्यातदारांना बसला त्यांना केंद्राने भरपाई द्यावी. धोरण दिल्लीने ठरवलं, आंध्रातल्या कोळंबीच्या तळ्यावर नाही ठरलं.

कुळागर :
भरपाई मान्य. व्हेटोबद्दल मात्र माझं मत तसूभरही हललेलं नाही. १९६१ ते ७४ या तेरा वर्षांवर तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.